टाकी तीन सोडायची

माझ्या मामाला अख्खं पाणीखातं ‘पुढेमामा’ म्हणतं. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलंय. समोरचा बोलता बोलता थांबला, खोकला, विचारात पडला, की मामा मान जराशी तिरकी करून म्हणणार, “पुढे?” वाक्य पुरतं कानात पडल्याशिवाय हा माणूस जागचा हलत नाही. मामी म्हणते, उद्या घराला आग लागली आणि मी ‘अहो, आग’ एवढंच ओरडले, तरी हे दारात उभे राहून विचारतील, पुढे?

त्यांच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा हेच झालं. मामीचे वडील म्हणाले, “आमची काही हरकत” आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी. मामाचे वडील पांढरेफटक पडले. दाराआड मामीच्या हातातले पेले खणखणायला लागले. मामा तेवढा गप्पगार बसून. ठसका ओसरल्यावर त्याने शांतपणे विचारलं, “पुढे?” सासरे म्हणाले, “नाही हो, हरकत नाही.” मामी अजून सांगते, तेवढ्या वेळात माझं वजन दोन किलोने उतरलं.

आता बघा, आपल्या बोलण्याची रीतच अशी. सगळा मुद्दा शेपटाला. वाक्यभर होकार वाटत राहतो आणि अगदी टोकाला ‘नाही’ दबा धरून बसलेलं असतं. मामाला हे शाळेत कोणी शिकवलं नाही. पंपघराने शिकवलं.

मी लहानाची मोठी त्या पंपघरामागच्या दोन खोल्यांत झाले. आई गेल्यावर मामाने मला आणलं, ती मी तिथलीच झाले. घरातली जमीन सतत थरथरायची, कपातल्या चहावर बारीक वलयं उठायची, आणि पंप बंद पडला की आम्ही तिघंही एकदम मान वर करायचो. पुढच्या खोलीत काळा फोन. कचेरीतून हुकूम यायचा, मामा तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, पलीकडून “बरोबर” आलं की मगच व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावायचा. पस्तीस वर्षं हे चाललं आणि पस्तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.

मग साहेब आले. साहेब म्हणजे खात्याच्या संगणक विभागाचे प्रमुख. इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात घाई, आणि समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची खोड. त्यांनी फोन काढून नेला आणि त्याच्या जागी एक पडदा बसवला. कचेरीत टंकायचं, इथे ओळ उमटणार. मामाने पहिल्याच दिवशी विचारलं, “साहेब, निरोप संपला हे मला कळणार कसं?”

“ओळ आली म्हणजे निरोप संपला.”

“आणि ओळच संपलेली नसली तर?”

“मामा, ते आमच्यावर सोडा,” साहेब म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मामाने सोडलं नाही. त्याने एक जाड वही घेतली आणि पडद्यावर जे जसं उमटेल ते तसंच्या तसं, वेळ घालून, उतरवायला लागला. अर्धा शब्द आला तर अर्धा. कधी कधी अक्षराच्या जागी काळा चौकोन यायचा, आत प्रश्नचिन्ह. मामा फूटपट्टी घेऊन तो चौकोन काढायचा आणि आत प्रश्नचिन्ह घालायचा. कचेरीतली माणसं यायची, वही चाळायची आणि पोट धरून हसायची. “काय मामा, चित्रकला सुरू केली?” मामा म्हणायचा, “आलं ते लिहिलं.”

अर्ध्या शब्दांच्या तक्रारी इतर पंपघरांतूनही गेल्या असाव्यात. कारण वर्षभराने साहेबांचं पत्रक आलं: पडद्यावर येणारा कचरा काढून टाकण्यात आला आहे. मामाने पत्रक वहीत डकवलं. त्यानंतर सुट्टे शब्द यायचे बंद झाले. पडदा स्वच्छ. सगळे खूश.

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळी लाइन तुटली होती. तासाभराने परत आली, तेव्हा साठलेले निरोप धडाधड एकदम उमटले. मामाची वही आहे माझ्यासमोर, तशीच सांगते. ‘पंप दोन बाराला बंद करायचा.’ ‘वरच्या टाकीची पातळी दर तासाला नोंदवहीत लिहून ठेवायची.’ ‘टाकी तीन सोडायची.’ ‘पंप चारची पट्टी बदलायची.’ पूर्णविराम माझे, कचेरीला ती सवय कधीच नव्हती.

टाकी तीन रोज अकराला सोडतात. मामाने निरोप वाचला. क्रियापद होतं. वाक्य पुरं होतं. तरी जातीचा पुढेमामा तो, त्याने खालची ओळ बघितली. ती पंप चारची, वेगळ्याच विषयाची. म्हणजे आधीचं संपलं. तरीही अकरापर्यंत थांबून त्याने चाक फिरवलं.

खाली दोन कोसांवरच्या खड्ड्यात फिटर उतरला होता, नळाचा सांधा बदलायला. कचेरीने लिहिलं होतं, ‘टाकी तीन सोडायची नाही.’ पाणी आलं, फिटर भिंतीवर आदळला, उजवा हात दोन ठिकाणी मोडला. नशीब बलवत्तर म्हणून शिडीला अडकला, नाहीतर गेलाच होता.

हा फिटर म्हणजे कोणी परका नव्हे. मामा आणि तो एकाच दिवशी कामाला लागले. रोज चारला आमच्या ओट्यावर बसून चहा पिणार आणि मामाला चिडवणार, “पुढे?” माझ्या पहिल्या सायकलची चाकं यानेच बसवलेली. मामा दवाखान्यात धावला. फिटरने भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, “तू नीट वाचलं होतंस का रे?” बस्स, एवढंच. मामा घरी आला, चपला न काढता खुर्चीत बसला तो संध्याकाळपर्यंत तसाच. माझ्या मामाला मी तसं कधीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले, हातात कबुलीचा टंकलेला कागद. “मामा, निवृत्तीला वर्ष राहिलंय. कशाला ताणता? सही करा, नुसती समज देऊन मिटवतो. नाही केलीत तर चौकशी बसेल, आणि पंपघराची किल्ली त्याच दिवशी द्यावी लागेल.”

मामाने कागद वाचला. त्याच्या पद्धतीने, म्हणजे अगदी खालच्या कोऱ्या जागेपर्यंत. मग म्हणाला, “निरोप असाच आला होता.”

“मामा, कचेरीतल्या यंत्रात ‘नाही’ आहे. मी स्वतः बघितलंय. आणि मी प्रोग्रॅम तपासला. तोच निरोप पाठवला, अक्षर अन् अक्षर बरोबर आलं. आता वयोमानाने डोळे...”

“पुढे?” मामा म्हणाला.

साहेबांचं वाक्य तिथेच राहिलं. मामी आतून बाहेर आली, पदर खोचलेला. “त्यांचे डोळे शाबूत आहेत. काल माझ्या आमटीत पडलेला केस त्यांनी शोधून दाखवला, आता तुम्हाला दाखवू का?” साहेब कागद टेबलावर ठेवून निघून गेले. मामी मामाकडे वळली. “सही कराल तर या घरात चहा मिळणार नाही, सांगून ठेवते.”

मी पोटासाठी प्रोग्रॅमच लिहिते, एका दवाखान्यात. त्यामुळे माझं डोकं दुसरीकडे चालत होतं. मी मामाची वही मागून घेतली. पहिल्या वर्षीची पानं काढली, ज्यांना लोक हसले होते ती. तुटलेल्या ओळी बघितल्या. एकेकट्या आलेल्या निरोपांत एकही तुटलेला नाही. जे तुटले ते सगळे गर्दीतले, लाइन परत आल्यानंतरचे. आणि मग मी मोजायला बसले.

साधी गोष्ट आहे, दोन मिनिटांत सांगते. तारेवरून मजकूर ओळीओळीने येत नाही. तो घासाघासाने येतो. या प्रोग्रॅमचा एक घास दोनशे छप्पन्न बाइटांचा. आपलं एक चिन्ह तीन बाइट खातं: अक्षर तीन, काना तीन, वेलांटी तीन. मोकळी जागा एक, आणि ओळ संपल्याची एक न दिसणारी खूण असते, ती एक. आता घास कुठे तुटेल ते घासाला काय माहीत? तो ओळीच्या मध्येच तुटतो. कधी अक्षराच्या मध्येच तुटतो, तेव्हा तो काळा चौकोन उमटतो, माझ्या मामाची चित्रकला. म्हणून घास आला की करायचं काय, तर खुणेपर्यंतच्या ओळी द्यायच्या आणि खुणेनंतरचं उरलेलं शेपूट हातात धरून ठेवायचं. पुढचा घास आला की ते त्याच्या तोंडाला जोडायचं. लाइनच बंद झाली तर शेवटी हातात जे उरलं असेल ते दाखवायचं, फेकायचं नाही. नवशिक्यालासुद्धा हे शिकवतात. साहेबांच्या प्रोग्रॅमने हातात काही धरलंच नव्हतं. आला घास, केली ओळ.

मंगळवारचे निरोप मी मोजले. पहिला खुणेसकट अडुसष्ट. दुसरा एकशे त्रेचाळीस. मग ‘टाकी तीन सोडायची’ आणि त्यामागची मोकळी जागा, पंचेचाळीस. बेरीज करा. दोनशे छप्पन्न. मी तीनदा मोजलं. घास ‘सोडायची’ला संपला होता. ‘नाही’ दुसऱ्या घासात, एकटं, स्वतःची ओळ होऊन आलं असणार.

पण मग ते पडद्यावर दिसलं का नाही? मी पुढची पानं उलटली. डकवलेलं पत्रक आलं. त्याच्याआधी सुट्ट्या शब्दांच्या ओळी पन्नास. त्याच्यानंतर एकही नाही. साहेबांनी तुटलेली ओळ जोडली नव्हती. एका शब्दाची ओळ आली तर ती कचरा समजून फेकून द्यायची, अशी सोय केली होती. ‘नाही’ आलं होतं हो! यंत्राच्या दारापर्यंत आलं होतं. यांनी ते केराच्या टोपलीत टाकलं.

मी वही घेऊन पंपघरात धावले. “मामा, सापडलं! आता बघ त्या साहेबांची कशी—”

मामा म्हणाला, “थांब. सही करून कागद पाठवला मी सकाळी.”

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भित्रा म्हणाले, ते तरी लिहिते. अडतीस वर्षांच्या नोकरीवर तू स्वतःच्या हाताने पाणी सोडलंस, म्हणाले. मामी तर चहा बंद करून बसलीच. मामाने माझं सगळं ऐकून घेतलं, मी दम खायला थांबले तेव्हा विचारलं, “पुढे?” मी दार आपटून निघून आले. तीन दिवस अबोला.

कागद आला तरी चौकशीची बैठक व्हायची होतीच, कारण माणूस जखमी झाला होता. ती घ्यायला वरून मोठ्या बाई आल्या, खात्याच्या मुख्य अभियंता. मी जाणार नव्हते. मामीने माझ्या हातात वही कोंबली आणि म्हणाली, “राग घरी ठेव आणि चल.”

लांब टेबल, सहा खुर्च्या, घरघरणारा पंखा. फिटर आला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याने मामाकडे बघितलं नाही. साहेबांनी फाइल पुढे सरकवली. “बाई, प्रश्न मिटलेला आहे. त्यांनी लेखी कबुली दिलीय.”

बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “मी खाली सही करणार लिहून देतो की, मंगळवारी सकाळी आलेला निरोप वाचण्यात मी हयगय केली...” बाई थांबल्या.

“पुढे?” मामा म्हणाला.

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. “नाही,” त्यांनी वाचलं. “हयगय केली नाही.”

सहीच्या बरोबर वर, पुढच्या ओळीवर, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं ते. लपवलेलं नव्हतं. सहीपेक्षा मोठं होतं. साहेबांचा चेहरा असा झाला की बघवेना. “ही फसवणूक आहे!” ते ओरडले.

“कसली फसवणूक?” मामा उठून उभा राहिला. माझ्या मामाचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. “चार दिवस कागद तुमच्याकडे होता. सही बघितलीत आणि फाइलला लावलात. एका शब्दाची ओळ दिसली नाही तुम्हाला. तुमच्या यंत्रालाही दिसत नाही. मी अडतीस वर्षं शेवटचा शब्द ऐकल्याशिवाय चाकाला हात लावला नाही, आणि तुम्ही मला हयगय शिकवता? किल्ली काढून घ्या हवी तर. हे खोटं मी लिहून देणार नाही!”

मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. तीन दिवस मी त्याला भित्रा समजत होते, आणि मीसुद्धा तो कागद बघायला मागितला नव्हता. ‘सही केली’ एवढं ऐकून बाकीचं वाक्य मीच पुरं करून टाकलं होतं.

बाईंनी फाइल बंद केली. “सिद्ध करता येईल?”

“येईल,” मी म्हणाले आणि वही टेबलावर आपटली. “पण एकेक निरोप पाठवून नाही. चारही निरोप एका दमात पाठवा, त्या दिवशी गेले तसे.”

साहेब म्हणाले त्याची गरज नाही. बाई म्हणाल्या गरज आहे. तासाभरात आम्ही सगळे पंपघरात होतो. फिटरही आला, कोपऱ्यात उभा राहिला. कचेरीतल्या माणसाने लाइन तोडली, बाईंनी मोबाइलवरून स्वतः सांगितलेले तेच चार निरोप ‘नाही’सकट टंकले आणि लाइन जोडली.

पडद्यावर एकामागून एक चार ओळी उमटल्या. मामा टाकी तीनच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले.

“फिटर,” तो म्हणाला, “तू वाच. तिसरी ओळ.”

फिटर पडद्याजवळ गेला. “टाकी तीन सोडायची.”

“पुढे?”

फिटरने चौथी ओळ बघितली. पडद्याची खालची काळी पट्टी बघितली. पडद्याच्या मागेसुद्धा डोकावला, वेडा. मग तो म्हणाला, “पुढे काही नाही रे.”

“अकरा वाजलेत. खाली माणूस आहे हे मला ठाऊक नाही. आता तू सांग, मी काय करू?”

फिटरने चाकावरच्या त्या हातांकडे बघितलं. मग डाव्या हाताने डोळे पुसत म्हणाला, “सोडशील. मीही सोडलं असतं.”

मामाने चाकावरचे हात काढले. किल्ली त्याच्याच खिशात राहिली. साहेब मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. बाईंनी त्यांना प्रोग्रॅम आठ दिवसांत दुरुस्त करायला सांगितलं, तुटकी ओळ धरून ठेवण्यासकट, आणि तो तपासायला मला बोलावलं. मी तपासला. आता बरा आहे.

पण मामाने अडून एक गोष्ट मिळवलीच. साहेब म्हणत होते आता दुरुस्त झालं, फोनची गरज नाही. मामा म्हणाला, फोन परत बसल्याशिवाय मी एकही टाकी सोडणार नाही. साहेब या खेपेला मामाच्या तोंडाकडे बघत थांबले, न जाणो आणखी काही शब्द उरला असेल म्हणून. उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी काळा फोन आला.

त्याच दिवशी चारला फिटर ओट्यावर येऊन बसला. मामीने तीन कप आणले. उजवा हात बांधलेला, त्यामुळे मामाने कप त्याच्या डाव्या हातात दिला आणि सुटेपर्यंत खालून धरून ठेवला.

“मी त्या दिवशी दवाखान्यात तुला” फिटर म्हणाला आणि कपात बघत थांबला.

आम्ही सगळे मामाकडे बघायला लागलो. मामाने चहाचा घोट घेतला.

“राहू दे,” तो म्हणाला. “कळलं मला.”